देशाच्या विजेचा हिशोब: ग्रिड इंडियाचा रोजचा तक्ता आणि प्राधिकरणाची वर्षाची आकडेवारी

भारतात वीज किती निर्माण झाली, किती लागली, किती कमी पडली आणि शेजारी देशांशी तिची किती देवघेव झाली, याचा हिशोब सरकारी यंत्रणा रोज, दरमहा आणि दरवर्षी जाहीर करतात. त्यासाठी पैसे पडत नाहीत, नावनोंदणी लागत नाही, आणि तरीही वीजदराच्या जनसुनावणीत किंवा उन्हाळ्यातल्या भारनियमनाच्या वादात हे तक्ते हातात घेऊन बोलणारा माणूस विरळाच दिसतो. लहान कारखान्यांची वीजबिले तपासणे आणि त्यांना वीजखरेदीबाबत सल्ला देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या आकडेवारीशी माझा नित्याचा संबंध येतो. मोबाइलवरच्या एखाद्या ॲपबद्दल आपण हिरिरीने अभिप्राय लिहितो. आपल्याच पैशाने चालणाऱ्या या सेवेबद्दल मात्र कोणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून ग्राहकाच्या नजरेने तिचे हे परीक्षण.

या सेवेचे दोन मुख्य भाग आहेत. पहिला भाग म्हणजे देशाची वीजजाळी चालवणाऱ्या ग्रिड इंडिया या सरकारी कंपनीचा दैनिक अहवाल. ही कंपनी नोव्हेंबर २०२२ पर्यंत पोसोको या नावाने ओळखली जात असे. दुसरा भाग म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची मासिक व वार्षिक आकडेवारी, जिच्यावरून ऊर्जा मंत्रालय संसदेत उत्तरे देते आणि वर्तमानपत्रे मथळे करतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. रोजचा तक्ता उत्तम आहे, पाचापैकी साडेचार गुण द्यावेत असा आहे. वर्षाची आकडेवारी खरी आहे, चिकाटीने गोळा केलेली आहे, परंतु ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न वीज वापरणाऱ्याचा नाही. तिला तीनच्या वर गुण देणे मला जमत नाही.

रोजच्या तक्त्यापासून सुरुवात करू. हा अहवाल सकाळी प्रसिद्ध होतो आणि त्यात आदल्या दिवसाचा हिशोब असतो. वर छापलेली तारीख अहवालाची असते, आकडे त्याच्या आदल्या दिवसाचे असतात; नवख्या वाचकाचा पहिला गोंधळ हमखास इथेच होतो. पहिल्या भागात उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व आणि ईशान्य अशा पाच विभागांची पूर्ण केलेली मागणी, तूट, दिवसभरातील एकूण ऊर्जा आणि त्यातील जल, पवन व सौर विजेचा वाटा दिलेला असतो. त्याखाली राज्यवार रांगा येतात. प्रत्येक राज्याने त्या दिवशी जास्तीत जास्त किती मेगावॉट वापरले, त्या क्षणी किती कमी पडले, दिवसभरात किती दशलक्ष युनिट घेतले, केंद्रीय जाळीतून किती घ्यायचे ठरले होते आणि प्रत्यक्षात त्यापेक्षा किती जास्त किंवा कमी ओढले, हे सारे एका ओळीत वाचता येते. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागात गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या शेजारी बसतात, आणि त्याच रांगेत एक पोलाद कारखाना व एक ॲल्युमिनियम कारखाना राज्यांच्या पंक्तीला स्वतंत्रपणे मांडलेला दिसतो. ते थेट आंतरराज्य जाळीवरून वीज घेतात म्हणून त्यांना ही जागा मिळाली आहे. एखादा कारखाना राज्याच्या तोलामोलाचा असू शकतो, हे या तक्त्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटतात ती पुढची पाने, जिथे एका विभागातून दुसऱ्या विभागात गेलेल्या विजेचा वाहिनीनिहाय हिशोब असतो. पश्चिम आणि दक्षिण यांच्या देवघेवीत आपल्या ओळखीची गावे एकामागून एक येतात: भद्रावती, सोलापूर ते रायचूर, वर्धा ते निजामाबाद, कोल्हापूर ते कुडगी, कोल्हापूर ते चिकोडी, आणि गोव्याच्या बाजूने फोंडा व शेल्डे येथून कर्नाटकातल्या आंबेवाडीकडे जाणाऱ्या २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) वाहिन्या. प्रत्येकीपुढे आयात किती, निर्यात किती आणि निव्वळ किती, असे तीन आकडे. यातली सोलापूर–रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि तोपर्यंत वेगळी चालणारी दक्षिणेची जाळी उर्वरित देशाशी एकाच वारंवारितेवर, म्हणजे प्रवाहाच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांच्या एकाच वेगावर, आली. देशाच्या विजेचा व्यापार आज ज्या सहजतेने चालतो, त्याचा पाया या जोडणीत आहे; त्याआधी तमिळनाडूत वीज महाग आणि छत्तीसगडमध्ये स्वस्त असली, तरी मधला रस्ता अरुंद असल्याने तो सौदा कागदावरच राहत असे.

जाळी एकसंध असण्यात धोकाही असतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी लागोपाठ दोन दिवस जाळी कोसळली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला आणि साठ कोटींहून अधिक लोकांच्या वस्तीला त्याची झळ बसली, पश्चिम व दक्षिण विभाग मात्र वाचले. त्या घटनेनंतर राज्यांनी ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढण्यावरचे नियम कडक होत गेले. पुरवठ्यापेक्षा जास्त वीज ओढली गेली की वारंवारिता उतरते, म्हणूनच रोजच्या तक्त्यातील तिचा भाग नजरेआड करू नये. दिवसाच्या किती टक्के वेळ वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या ठरलेल्या पट्ट्यात राहिली आणि किती वेळ त्याच्या खाली किंवा वर गेली, हे तिथे दिलेले असते, आणि जाळीची तब्येत कळायला तेवढी एक ओळ पुरते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी १२-१३ हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली, आणि तरीही जलविद्युत केंद्रे झपाट्याने खाली-वर करून वारंवारिता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या आत राखली गेली. ही कामगिरी या यंत्रणेच्या अभियंत्यांनी पार पाडली आणि तिचे आकडे पुढे सर्वांना पाहायला ठेवले. माहिती देण्याची ही वृत्ती मला या सेवेतली सर्वांत आवडलेली गोष्ट आहे.

या तक्त्यात अलीकडे झालेली एक सुधारणाही नोंदवण्याजोगी आहे. दिवसाची सर्वोच्च मागणी आता सौर तासांची आणि बिगरसौर तासांची अशी वेगळी दाखवली जाते. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा हे सौर तास, उरलेले बिगरसौर. वरवर ही किरकोळ भर वाटते, पण देशाच्या वीजपुरवठ्याची खरी कसोटी आता दुपारी न लागता सूर्य मावळल्यावर लागते, हे तिच्यामुळे प्रथमच सरकारी कागदावर रोज दिसू लागले. ३० मे २०२४ रोजी देशाने सुमारे २५० गिगावॉटची (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) विक्रमी मागणी पूर्ण केली, याचे खूप कौतुक झाले. तो विक्रम दुपारचा होता. त्याच्या आदल्या दिवशी, २९ मे रोजी, सूर्यप्रकाश नसलेल्या तासांत २३४ गिगावॉटची मागणी पूर्ण झाली होती. माझ्या मते दोन्हींतला अवघड पराक्रम हा होता, आणि मथळा मात्र दुसऱ्याला मिळाला.

आता वर्षाच्या आकडेवारीकडे वळू. प्राधिकरणाच्या वार्षिक तक्त्यात लागणारी ऊर्जा, पुरवलेली ऊर्जा, कमाल मागणी, पूर्ण केलेली कमाल मागणी आणि त्यांतील तूट टक्क्यांत, एवढेच मोजके रकाने असतात. त्यातून दिसणारी वाटचाल मात्र थक्क करणारी आहे. २००९-१० साली देशात लागणाऱ्या विजेपैकी १०.१ टक्के वीज कमी पडत होती आणि कमाल मागणीच्या वेळी तूट १२.७ टक्के होती. महाराष्ट्रातल्या ज्या वाचकांनी तो काळ अनुभवला आहे, त्यांना भारनियमनाचे वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून भिंतीवर चिकटवलेले आठवत असेल. २०१२-१३ मध्ये ऊर्जेची तूट ८.७ टक्क्यांवर आली, २०१३-१४ मध्ये ४.२ टक्क्यांवर, २०१९-२० मध्ये अर्ध्या टक्क्यावर, आणि २०२४-२५ मध्ये ती ०.१ टक्का उरली. या शेवटच्या वर्षी देशाला सुमारे १,६९,४०० कोटी युनिट वीज लागली आणि कमाल मागणीच्या क्षणी मागितलेली व मिळालेली वीज यांत २ मेगावॉटचा फरक राहिला. २०१२-१३ साली पूर्ण केलेली कमाल मागणी १,२३,२९४ मेगावॉट होती, २०२४-२५ साली ती २,४९,८५४ मेगावॉट झाली. म्हणजे बारा वर्षांत दुप्पट, आणि तेही तूट जवळजवळ नाहीशी करून. या कामगिरीला नावे ठेवण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप एकाच रकान्याकडे पाहून समाधान मानण्याला आहे, आणि त्यासाठी २०२२-२३ हे वर्ष उघडून बघावे. त्या वर्षी ऊर्जेची तूट ०.५ टक्के होती, म्हणजे आधीच्या तीन-चार वर्षांसारखीच. पण कमाल मागणीची तूट ४ टक्के होती: २,१५,८८८ मेगावॉट लागत होते आणि २,०७,२३१ मेगावॉट मिळाले. साडेआठ हजारांहून अधिक मेगावॉटची ही दरी एप्रिल २०२२ च्या अखेरची. मार्चपासूनच उष्णतेची लाट होती, करोनानंतर कारखाने पूर्ण जोमाने सुरू झाले होते, औष्णिक केंद्रांकडचे कोळशाचे साठे आधीच्या ऑक्टोबरातील टंचाईपासून सावरले नव्हते, आणि आयात कोळशाचे भाव युक्रेनमधील युद्धामुळे भडकल्याने त्यावर चालणारी केंद्रे वीज बनवण्यास नाखूश होती. कोळशाच्या मालगाड्यांना वाट मोकळी करण्यासाठी प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. अनेक राज्यांत भारनियमन परतले. वर्ष संपल्यावर मात्र तीनशे पासष्ट दिवसांच्या बेरजेत ते दिवस विरघळले आणि अर्धा टक्का तूट एवढीच नोंद मागे राहिली. वर्षाचा एकूण आकडा कधीच खोटे बोलत नाही, पण ज्या दिवसांत त्याची गरज असते नेमके तेच दिवस तो गिळतो. प्राधिकरणाने वार्षिक तक्त्यात तूट असलेल्या पंधरा मिनिटांच्या कालखंडांची संख्या, त्यातली सर्वांत मोठी तूट आणि तिचा महिना एवढे तीन रकाने वाढवले, तर हा दोष जवळजवळ संपूर्ण दूर होईल. माहिती त्यांच्याकडे आहेच.

मागणीच्या वाढीचा वेगही वार्षिक तक्त्यातून काढता येतो, आणि तिथे पावसाला वगळून चालत नाही. टाळेबंदीच्या २०२०-२१ मध्ये लागणारी ऊर्जा आदल्या वर्षापेक्षा एक टक्क्याहून थोडी अधिक घटली, त्यानंतर ती ८.२, ९.७ आणि ७.४ टक्क्यांनी वाढत गेली व २०२४-२५ मध्ये वाढ ४.२ टक्क्यांवर आली. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्या महिन्यांत पंप बंद असायचे त्या महिन्यांत ते अहोरात्र चालले, आणि त्या वर्षीची २४३ गिगावॉटची कमाल मागणी मे महिन्यात न येता सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत आली. उलट २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. उन्हाळ्यासाठी २७० गिगावॉटचा अंदाज बांधून तयारी केलेली असताना जूनमधील उच्चांक २४३ गिगावॉटच्या आसपासच थांबला. भारतातील विजेच्या मागणीचा वार्षिक कल म्हणजे अर्थव्यवस्थेचा कल असे समजून लेख लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी शेजारी हवामान विभागाचा पर्जन्यतक्ता ठेवावा, निम्मे निष्कर्ष बदलतील.

तूट कशी मोजली जाते, हा यापुढचा आणि अधिक नाजूक मुद्दा. वितरण कंपनीने मागितलेली आणि तिला मिळालेली वीज यांतील फरक म्हणजे तूट. गावातील रोहित्र जळाले, वादळात तारा तुटल्या, फीडर दुरुस्तीसाठी बंद ठेवला, तर त्या काळात घरात अंधार असतो, पण राष्ट्रीय हिशोबात तूट नसते. शेतीपंपांना ठरावीक आठ तास, कधी दिवसा तर कधी रात्री, तीन फेज वीज मिळते. उरलेल्या सोळा तासांत शेतकऱ्याला पाणी द्यायचे असले तरी ती मागणी नोंदलीच जात नाही, त्यामुळे ती अपुरीही ठरत नाही. बिबट्याच्या धाकात रात्री दोनला उठून दारे धरणाऱ्या माणसाला ०.१ टक्क्याचे अप्रूप वाटले नाही, तर त्याला दोष देता येणार नाही.

हा फरक किती मोठा असू शकतो हे सरकारच्याच दुसऱ्या आकड्यावरून मोजता येते. ऊर्जा मंत्रालयाच्या सांगण्यानुसार ग्रामीण भागातील वीजपुरवठा २०१४ च्या सुमारास दिवसाला सरासरी साडेबारा तास होता आणि आता तो २२.६ तास झाला आहे. शहरी भागात तो २३.४ तास आहे. ही प्रगती खरोखरच मोठी आहे. पण २२.६ तास म्हणजे रोज १.४ तास वीज नाही, म्हणजे वर्षाला सुमारे ५११ तास. वर्षात ८,७६० तास असतात आणि त्यांचा ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास. ऊर्जेची टक्केवारी आणि तासांची टक्केवारी या सारख्या गोष्टी नाहीत हे मान्य, परंतु पावणेनऊ आणि ५११ यांच्यामध्ये जी दरी आहे, तिचा बहुतांश भाग वितरणाच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे उपकेंद्रापासून मीटरपर्यंतच्या अंतरात आहे. देशात वीज आहे आणि गावात नाही, या तक्रारीला तक्त्यात जागा नाही ती अशी. मंत्रालय दोन्ही आकडे जाहीर करते, फक्त ते एका पानावर कधी येत नाहीत.

छतावरच्या सौर पॅनेलांमुळे आता उलट दिशेनेही एक चूक शिरू लागली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेनंतर गुजरात व महाराष्ट्रात घरोघरी पॅनेले चढली. घरात तयार होऊन घरातच वापरली गेलेली वीज जाळीपर्यंत येतच नाही, त्यामुळे राष्ट्रीय तक्त्यात ती मागणी कमी झाल्यासारखी दिसते. लोक वीज कमी वापरू लागले, असा अर्थ त्यातून काढू नये.

स्थापित क्षमतेबद्दल, म्हणजे उभारलेली केंद्रे जास्तीत जास्त किती वीज बनवू शकतात त्याबद्दल, थोडक्यात. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण क्षमतेतील निम्मी क्षमता कोळसा-वायूव्यतिरिक्त स्रोतांची झाली, ही बातमी बरोबर आहे. मात्र प्रत्यक्ष निर्मितीत त्या स्रोतांचा वाटा २०२४-२५ मध्ये एक चतुर्थांशाच्या आसपास होता, कारण सौर पॅनेल दिवसाचे काही तासच पूर्ण ताकदीने चालते. प्राधिकरणाच्या मासिक पानांवर क्षमता आणि निर्मिती वेगवेगळ्या तक्त्यांत असतात. दोन्ही उघडल्याशिवाय या विषयावर बोलू नये.

शेजारी देशांशी होणाऱ्या व्यापाराचा भाग रोजच्या अहवालात सुटसुटीत आहे. आयात अधिक चिन्हाने आणि निर्यात वजा चिन्हाने दाखवतात. भूतान, नेपाळ आणि बांगलादेश यांच्या शेजारी झारखंडमधील गोड्डा येथील १,६०० मेगावॉटच्या केंद्रातून थेट बांगलादेशला जाणारी वीज वेगळी मांडलेली असते. वर्षभर हा तक्ता पाहिला तर हिमालयातल्या नद्यांचे ऋतुचक्रच त्यात उमटलेले दिसते. पावसाळ्यात भूतानच्या ताला, चुखा, मांगदेछू या केंद्रांतून वीज भारताकडे येते. हिवाळ्यात नद्या आटल्या की तोच भूतान भारताकडून वीज घेतो. नेपाळचेही तसेच: पावसाळ्यात विकणारा, हिवाळ्यात विकत घेणारा. नोव्हेंबर २०२१ पासून नेपाळ भारताच्या वीज बाजारात आपली वीज विकू लागला, आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतीय जाळीतून बांगलादेशात पोहोचली. भारत २०१६-१७ मध्ये प्रथमच विजेचा निव्वळ निर्यातदार झाला, असे जे सांगितले जाते ते वर्षाच्या बेरजेवरून. महिनावार पाहिले तर जुलै-ऑगस्टचे चित्र आणि जानेवारीचे चित्र एकमेकांच्या विरुद्ध असते, आणि व्यापार समजून घ्यायचा तर महिनावार पाहणेच योग्य.

देशांतर्गत व्यापारासाठी वीज एक्सचेंजचे दरपान पाहावे लागते. ही सेवा सरकारी नाही, पण केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या देखरेखीखाली चालते आणि तिच्याशिवाय हा हिशोब अपुरा राहतो. इंडियन एनर्जी एक्सचेंज जून २००८ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या दिवशीच्या विजेचा लिलाव पंधरा मिनिटांच्या ९६ भागांत होतो आणि प्रत्येक भागाचा दर सर्वांना खुला असतो. इथून विकली जाणारी वीज देशाच्या एकूण विजेच्या दहा टक्क्यांच्या आतच आहे, उरलेली दीर्घ मुदतीच्या करारांतून जाते. पण टंचाई कुठे आणि कधी आहे हे हाच बाजार सर्वांआधी सांगतो. २०२२-२३ मध्ये इथला सरासरी दर युनिटला ५ रुपये ९४ पैसे होता, २०२३-२४ मध्ये ५ रुपये २४ पैसे आणि २०२४-२५ मध्ये ४ रुपये ४७ पैसे. सलग दोनदा झालेली ही घसरण पाहून वीज स्वस्त झाली असे वाटेल. प्रत्यक्षात दुपारचे दर उतरले आहेत. उन्हाळ्यातल्या कित्येक दिवशी दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान दर दोन-तीन रुपयांपर्यंत खाली येतो, २०२५ च्या मे महिन्यात तर एका रविवारी तो शून्याजवळ पोहोचला होता, आणि संध्याकाळी सातनंतर तोच दर आयोगाने ठरवलेल्या १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. ही मर्यादा मार्च २०२२ पर्यंत २० रुपये होती, एप्रिल २०२२ मध्ये १२ आणि २०२३ मध्ये १० रुपये झाली. दर मर्यादेला टेकला की खरेदीदाराला हवी तेवढी वीज मिळतेच असे नाही, कारण त्या दराला मागणारे अधिक आणि विकणारे कमी असतात. मी माझ्या ग्राहकांना वर्षाचा सरासरी दर दाखवतच नाही. संध्याकाळच्या सात ते अकराचा वेगळा आलेख काढून देतो. कारखान्याची दुसरी पाळी त्याच तासांत चालते, आणि दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे वीजदर लागू असल्याने भट्टी दुपारी लावायची की रात्री, हा निर्णय त्या आलेखावर ठरतो.

राज्याराज्यांतील देवघेव का होते, हेही या सेवेतून शिकायला मिळते. महाराष्ट्राची मागणी रब्बीच्या पाण्यामुळे आणि उन्हाच्या चाहुलीमुळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये चढते, पंजाबची भातलावणीमुळे जून-जुलैमध्ये. दोघांचे उच्चांक एकाच वेळी येत नाहीत म्हणून एकाच केंद्राची वीज दोघांनाही उपयोगी पडते. रोजच्या अहवालात राज्यांच्या कमाल मागण्यांची बेरीज आणि देशाची प्रत्यक्ष कमाल मागणी यांचे गुणोत्तर दिलेले असते, ते याच कारणासाठी.

बाकीच्या सोयींविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २०१७ मध्ये आलेले मेरिट हे संकेतस्थळ कोणते राज्य कोणत्या केंद्रातून कोणत्या बदलत्या खर्चाने वीज घेते ते दाखवते, आणि आपले राज्य स्वस्त वीज सोडून महाग वीज घेते आहे का, हे तपासण्याचा ग्राहकाकडे तोच एक सोपा मार्ग आहे. राष्ट्रीय वीज पोर्टलवर सर्व अहवाल एकत्र मिळतात, पण शोधणाऱ्याला नेमके नाव माहीत असावे लागते. विद्युत प्रवाह हे ॲप २०१६ मध्ये आले. त्यातले नकाशे आकर्षक आहेत, जुने आकडे हवे असतील तर मात्र ते उपयोगाचे नाही. कोणत्या वर्गाने किती वीज वापरली, म्हणजे उद्योगांनी सुमारे चार दशांश, घरांनी सुमारे पाव आणि शेतीने त्याहून कमी, हा तपशील प्राधिकरणाच्या वार्षिक सर्वसाधारण आढाव्यात असतो. तो इतका उशिरा येतो की चालू वर्षाच्या धोरणावर त्याचा आधार घेता येत नाही.

भाषेची अडचण सांगायलाच हवी. हे सर्व इंग्रजीत आहे, काही हिंदीत. मराठीत काहीही नाही. जनसुनावणीला येणारा शेतकरी किंवा यंत्रमागधारक आकड्यांना घाबरत नाही, तो सूत आणि ऊस यांचे हिशोब आयुष्यभर करत आलेला असतो, पण रकान्यांचे मथळेच कळले नाहीत तर त्याने पुढे काय करावे? राज्याच्या वीज कंपन्यांनी रोजच्या राष्ट्रीय अहवालातील महाराष्ट्राची एक ओळ जरी मराठी मथळ्यांसह आपल्या संकेतस्थळावर दिली, तरी पुष्कळ काम होईल. त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही, कारण अहवाल एक्सेलच्या स्वरूपातही मिळतो.

ज्यांना ही सेवा वापरून पाहायची आहे, त्यांनी प्राधिकरणाच्या वार्षिक तक्त्यापासून सुरुवात करू नये. मे महिन्यातला कोणताही एक दिवस आणि ऑगस्टमधला एक दिवस निवडावा, ग्रिड इंडियाचे त्या दोन दिवसांचे अहवाल शेजारी ठेवावेत आणि चारच गोष्टी बघाव्यात: महाराष्ट्राची ओळ, बिगरसौर तासांतील देशाची कमाल मागणी, भूतानच्या रकान्यातील चिन्ह, आणि सोलापूर–रायचूर वाहिनीवर वीज कोणत्या दिशेने गेली ते. त्यानंतर वार्षिक तक्ता उघडला तर त्यातल्या टक्केवारीला काय विचारायचे ते आपोआप सुचू लागते.